बाण उजवीकडे, देव डावीकडे

या, असे जवळ या. मागे खांबाला टेकून बसलात की डोळा लागतो, आणि ऐन उत्तररंगात दचकून शेजाऱ्याला विचारता, "कुठवर आलं?" आज तसं चालायचं नाही. आज एका इंजिनिअरची कथा सांगायची आहे. हा गृहस्थ अकरा वर्षं चिखलात वावरला आणि त्याच्या बुटाला एक शिंतोडा लागला नाही. मग एका शनिवारी तो सासूबाईंना घेऊन खऱ्या चिखलात उतरला. पुढे काय झालं ते ऐका. बुक्का लावून घ्या, फोन गप्प करा, आणि लहान मुलांना मधे सोडू नका.

तर शिरीष परचुरे. राहणार वोल्फ्सबुर्ग. गाड्यांची गणितं करून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरी. त्याच्या संगणकात खड्डे होते. हजारो. उथळ, खोल, पाण्याचे, वाळूचे. रोज सकाळी साडेआठला तो त्या खड्ड्यांतून गाडी नेई. पडद्यावर गाडी उसळे, आलेख वरखाली होई, आणि शिरीष शांतपणे कॉफी पिई. अकरा वर्षांत त्याने असा लाखो किलोमीटरचा वाईट रस्ता पार केला होता आणि त्याची पाठ एकदाही दुखली नव्हती.

"ऑफ-रोड म्हणजे काय हो?" तो ऑफिसच्या स्वयंपाकघरात सांगे. "खड्डा हा शेवटी एक आकडा असतो. आकडा कळला की खड्डा संपला."

पण आतून एक दुखणं होतं. दर ऑक्टोबरात ऑफिसची माणसं खऱ्या गाडीत बसून स्पेनला जात, खऱ्या वाळूत ती पळवत, आणि उन्हाने लाल होऊन परत येत. शिरीषला त्यांचे आकडे येत. आपण मांडलेला खड्डा एकदा, फक्त एकदा, आपल्या बुडाखाली लागावा, एवढीच त्या जिवाची इच्छा होती.

यंदा गाडीतल्या चार जागांपैकी तीन ठरल्या होत्या. चौथी मोकळी होती. साहेबीणबाईंनी, म्हणजे फ्राऊ लिंडेमान यांनी, अट सांगितली. गाडीत बसेल त्याला आळीपाळीने चालवावीही लागेल, म्हणून विमावाल्यांना नवशिक्यांच्या वाटेचं कार्ड हवं. वाटेवर सहा खुणा, सहा खुणांचे सहा शिक्के. सोमवारी सकाळी नऊपर्यंत टेबलावर. हॅनोव्हरहून येणाऱ्या कपिलने, ज्याला नोकरीला लागून तीन वर्षंही झाली नव्हती, आपलं कार्ड कधीच मिळवून मॉनिटरला चिकटवलं होतं.

"त्याला सहा शिक्क्यांना तीन तास लागले," शिरीष घरी म्हणाला. "मी चाळीस मिनिटांत करीन."

"समुद्र आहे ना तिथे?" त्याची बायको संध्या म्हणाली. "मग आईलाही नेऊ. तिने अजून समुद्र पाहिला नाही इकडचा."

आई म्हणजे कुंदाताई. सांगलीहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या. वय सत्तर. या माउलीने चाळीस वर्षांत एक कीर्तन सोडलं नव्हतं. गावातले निरगुडकरबुवा त्यांच्या फोनात मुक्कामाला होते. गाडीत बसल्या की फोन जोडायचा आणि बुवांनी नमनाला सुरुवात करायची. वोल्फ्सबुर्गपासून उत्तर समुद्रापर्यंत तीन तास बुवा गायले. कुंदाताई मागच्या सीटवर लाडवांचा डबा मांडीवर घेऊन डोलत होत्या, आणि शिरीष मनातल्या मनात स्पेनला पोचला होता.

कुक्सहाफेनच्या पुढे, समुद्राच्या बांधाच्या अलीकडे ती जागा होती. पूर्वी लष्कराचं मैदान होतं. आता चार किलोमीटरची गोल वाट आखली होती: वाळू, डबकी, गुडघाभर गवत, एक टेकडी, एक लाकडी पूल. माहितीपत्रकात लिहिलं होतं, "अत्यंत सोपी वाट. आजी-आजोबांनाही जमेल." या वाक्याने शिरीषचा आधीच अपमान झाला होता.

फाटकावर पिवळ्या जाकिटातल्या फ्राऊ हार्म्स उभ्या होत्या. आवाज असा की वाऱ्यानेही रांगेत यावं. त्यांनी कार्ड दिलं, वॉकीटॉकी दिला, टायरमधली हवा थोडी काढली.

"हिरव्या बाणाने जायचं. आइनबान आहे, एकच दिशा. समोरून कोणी येत नाही, म्हणून वाट सोपी आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," शिरीष म्हणाला. "मी अकरा वर्षं याच क्षेत्रात आहे."

"मग तुम्हाला पुन्हा सांगायला नको," असं म्हणून फ्राऊ हार्म्स मागून आलेल्या सात गाड्यांच्या हवेकडे वळल्या.

दोनशे मीटर गेल्यावर वाट दोहोंकडे फुटली. समोर, त्या सगळ्या गोलाच्या मधोमध, गवताच्या उंचवट्यावर एक लहानसं विटांचं चॅपल होतं. हिरवा बाण उजवीकडे वळा म्हणत होता.

मागे बुवा थांबले. कुंदाताईंनी स्वतःच्या हाताने थांबवले होते. ही गोष्ट घरात कोणी आजारी असल्याशिवाय होत नसे.

"जरा थांबा, शिरीषराव."

"काय झालं आई? मळमळतंय का?"

"ते देऊळ आहे ना?"

"चॅपल आहे. समुद्रात बुडून गेलेल्या खलाशांचं."

"आणि ही वाट त्याच्या भोवतीनं जाते."

"हो."

"म्हणजे प्रदक्षिणा झाली. आणि तो बाण उजवीकडे वळा म्हणतो, म्हणजे देव राहणार डाव्या हाताला."

"आई, तो बाण गाड्यांसाठी आहे," संध्या म्हणाली.

"गाडीत मी बसलेय ना? देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. उलटी फेरी कधी घालतात, ठाऊक आहे ना शिरीषराव?"

शिरीषला ठाऊक होतं. वडिलांच्या वेळी खांद्यावर मडकं घेऊन त्याने तशा तीन फेऱ्या घातल्या होत्या.

"पण तुम्ही म्हणाल तसं हो," कुंदाताई म्हणाल्या. "गाडी तुमची, देश तुमचा. मी काय, तीन महिन्यांची पाहुणी. वळा उजवीकडे. काही झालं तर होऊ दे. सत्तरी झालीच आहे."

मंडळी, सासूबाई ओरडल्या तर जावई ऐकून न ऐकल्यासारखं करू शकतो. रुसल्या तर बायको मधे पडते. पण सासूबाई "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाल्या की जावयाच्या हाती स्टिअरिंगसुद्धा राहत नाही. ते आपोआप डावीकडे वळतं. तसं ते वळलं.

"शिरीष," संध्या म्हणाली, "ती बाई म्हणाली, समोरून कोणी येत नाही म्हणून सोपी आहे."

"मग आलंय का कोणी? आपणच पहिले. आणि गोल हा गोल असतो. सहापासून एकपर्यंत मोजलं तरी बेरीज एकवीसच."

"हे तू फ्राऊ हार्म्सना सांग."

"हो, हो, सांगीन."

सुरुवात तर झकास झाली. सहावी खूण आली. खांबाला साखळीने शिक्का बांधलेला होता. शिरीष उतरला, चिखलात रुतला, शिक्का मारला आणि परत येऊन आपल्या बुटांकडे असा बघत बसला जसं काही ते बारशाचं बाळ आहे. पाचवी खूणही आली. आणि पाचव्या खुणेच्या पुढे टेकडी आली.

ही वाट ज्याने आखली, त्याच्या पोटात नवशिक्यांविषयी माया होती. त्याने चढण सावकाश ठेवली होती, लांब, आईच्या मांडीसारखी. पलीकडचा उतार मात्र गमतीचा ठेवला होता, घसरगुंडीसारखा, म्हणजे मंडळींनी हसत खाली यावं. परचुरे कुटुंब त्या घसरगुंडीच्या पायथ्याशी उभं होतं.

"ही भिंत आहे," संध्या म्हणाली.

"मागे घेऊ का?" शिरीषने विचारलं.

"अर्ध्या प्रदक्षिणेतून मागे?" कुंदाताई म्हणाल्या. "पण तुम्ही म्हणाल तसं."

शिरीषने पाय दाबला. बुवांचा गजर टिपेला गेला होता. चारही चाकांनी वाळू उडवायला सुरुवात केली. गाडी चार हात चढे, दोन हात घसरे. काचेतून फक्त आभाळ दिसत होतं. मागे कुंदाताई टाळ्या वाजवत होत्या. टाळी पडली की मागचा भाग खाली दबे, चाक वाळू धरी, गाडी पुढे सरके. शिरीषच्या तोंडून अकरा वर्षांत पहिल्यांदा एकही आकडा निघाला नाही. निघालं ते देवाचं नाव. आणि गाडी वर आली.

वर आली ती एका लाल जीपच्या नाकाला नाक लावून.

जीपमधून टोपी घातलेले एक आजोबा उतरले. हेर ब्रुन्स. ब्रेमरहाफेनच्या बोलिंग क्लबचे अध्यक्ष. त्यांच्या मागे क्लबच्या आणखी सहा गाड्या, सगळे सभासद सत्तरीच्या पुढचे, वर्षाच्या सहलीला आलेले.

"फाल्श हेरुम," हेर ब्रुन्स म्हणाले. उलट आलात. रागाने नाही, कुणाच्या सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात गेलंय असं सांगावं तसं.

"आम्हाला कल्पना आहे," शिरीष म्हणाला.

"कल्पना आहे आणि तरी आलात?"

एवढ्यात कुंदाताई लाडवांचा डबा घेऊन उतरल्या. समोर सात गाड्या माणसं थांबलेली, म्हणजे त्यांच्या हिशोबी मध्यंतर झालं होतं. त्यांनी हेर ब्रुन्सच्या हातावर लाडू ठेवला आणि संध्याला म्हणाल्या, "त्यांना सांग गं, बाण चुकलाय. देव उजवीकडे हवा."

संध्या नवऱ्यावर चिडलेली होती. तिने जर्मनमध्ये जे सांगितलं त्यात गोडी घालायचे कष्ट घेतले नाहीत. "माझी आई म्हणते, तुम्ही ज्या दिशेने फिरताय, त्या दिशेने आमच्याकडे मेलेल्या माणसाभोवती फिरतात."

हेर ब्रुन्स यांनी लाडू खाली केला.

"उवे," जीपमधून त्यांच्या पत्नीने विचारलं, "काय म्हणाली ती?"

"म्हणते, ही अंत्ययात्रेची दिशा आहे."

पत्नीने चॅपलकडे पाहिलं. "मागच्या वर्षी आपण इथे आलो होतो. याच दिशेने फिरलो."

"हो."

"आणि पंधरा दिवसांनी तुझा गुडघा गेला."

मागच्या गाडीची काच खाली झाली. "आणि माझी कंबर."

"आणि वाल्टरची बायको," तिसऱ्या गाडीतून कोणी म्हणालं.

"ती सोडून गेली, तिला काही झालं नाही."

"पण गेली ना?"

"हे पाहा," शिरीष घाईघाईने म्हणाला, "हा नुसता रिवाज आहे. त्यामागे काही शास्त्र नाही. बाण बरोबर आहे, आम्ही चुकलोय, मी सरकतो बाजूला, तुम्ही जा."

जो माणूस स्वतः उलट आलाय, तो सुलट जा म्हणून सांगायला लागला तर त्याचं कोण ऐकणार? हेर ब्रुन्स यांनी टोपी नीट केली. "गाड्या वळवा," त्यांनी क्लबला सांगितलं. टेकडीचा माथा ऐसपैस होता. सातही गाड्या वळल्या आणि बाजूला झाल्या. "बाईंनी पुढे व्हावं," हेर ब्रुन्स म्हणाले. "त्यांना रस्ता माहीत आहे."

आता दृश्य डोळ्यांपुढे आणा. पुढे परचुरे यांची गाडी, काचा खाली, बुवांचा आवाज वाऱ्यावर. मागे सात गाड्या, हॉर्नवर ताल धरलेल्या. चौथी खूण, शिक्का. तिसरी खूण, शिक्का. प्रत्येक खुणेला मंडळी उतरत, चॅपलकडे वळून कुंदाताईंसारखे हात जोडत आणि पुन्हा बसत. संध्यासुद्धा हसायला लागली होती. शिरीष तेवढा हसत नव्हता.

वॉकीटॉकी खरखरला. "पहिली गाडी. कुठे आहात?"

"तिसऱ्या खुणेच्या पुढे."

"पुढे म्हणजे चौथीकडे?"

शिरीष खोटं बोलणारा माणूस नव्हे. "पुढे म्हणजे दुसरीकडे."

पलीकडे एक इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

दुसऱ्या आणि पहिल्या खुणेच्या मधे तो लाकडी पूल होता. रुंदी एका गाडीची. पुलावर समोरून एका ड्रायव्हिंग स्कूलच्या चार गाड्या आल्या होत्या, बाणाचं अक्षरशः पालन करत. इकडून आठ, तिकडून चार. नवशिकी पोरगी स्टिअरिंगला मिठी मारून बसली होती. मास्तर कपाळाला हात लावून. तेवढ्यात चार चाकांच्या मोटरसायकलवरून फ्राऊ हार्म्स आल्या.

"एकोणीस वर्षं," त्या म्हणाल्या. तेवढी वर्षं त्या या वाटेवर होत्या. वाक्य तेवढंच होतं.

मग त्यांनी विचारलं, "हे कोणी सुरू केलं?"

संपूर्ण क्लबने आदराने कुंदाताईंकडे हात केला. कुंदाताईंनी डबा पुढे केला. फ्राऊ हार्म्सनी डब्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "ड्यूटीवर आहे," आणि लाडू जाकिटाच्या खिशात ठेवला.

"नियम असा की उलट आलेल्याने मागे जायचं," त्यांनी जाहीर केलं. मग दोन्ही बाजूंच्या गाड्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि ज्यांचं काहीही चुकलं नव्हतं त्या चौघांना मागे जायला सांगितलं.

फेरी पुरी झाली. कुंदाताईंनी उतरून लांबूनच चॅपलला नमस्कार केला. बुडालेल्यांसाठी दोन शब्द बोलल्या. ते सांगलीचे होते, पण समुद्राला कळले असतील.

फ्राऊ हार्म्सनी शिरीषचं कार्ड घेतलं. सहाही शिक्के होते. त्यांनी एका कागदावर बारीक अक्षरात पानभर लिहिलं आणि तो कार्डाला टाचला. "शिक्के सहा आहेत. दिशा उलटी आहे. आल्झो, तेव्हा पुढचं तुमच्या ऑफिसने ठरवावं."

"मनासारखं दर्शन झालं हो," परतीच्या वाटेवर कुंदाताई म्हणाल्या. "तुमचं काम होणारच, शिरीषराव."

सोमवारी नऊला फ्राऊ लिंडेमान यांनी तो कागद वाचला. मग पुन्हा वाचला. कपिल शेजारी उभा राहून आपल्या बुटांचा अभ्यास करत होता.

"पाचवी आणि चौथी खूण यांच्यामधली टेकडी," बाई म्हणाल्या. "ती तुम्ही उताराच्या बाजूने चढलात?"

"हो."

"इथे लिहिलंय, अठ्ठावीस अंश. कोरडी वाळू."

"असेल."

बाईंनी खणातून एक जाड अहवाल काढला. "मार्चमधला. तुमच्या गाडीचंच मॉडेल. पान चौदा. मोठ्याने वाचा."

शिरीषने वाचलं. "'कोरड्या वाळूत बावीस अंशांपुढे ही गाडी चढू शकत नाही.'" खाली सही होती. शि. परचुरे.

"तर एक तर तुम्ही चढला नाहीत, नाहीतर हे चुकलंय. कोणतं?"

बघा मंडळी, कसा पेच घातला. चढलो नाही म्हणावं, तर कार्ड गेलं. चुकलंय म्हणावं, तर अकरा वर्षं गेली. शिरीषने खिडकीबाहेर पाहिलं. मग ती भिंत आठवली, तो गजर, काचेतलं ते आभाळ.

"चुकलंय," तो म्हणाला. "गाडी चढली. मी आत होतो."

बाईंच्या चेहऱ्यावर अकरा वर्षांत प्रथमच हसू आलं. "गूट. मागे कोण होतं?"

"सासू."

"पट्टा?"

"लावलेला. पण डोलत होत्या. टाळ्या वाजवत. कीर्तन चालू होतं."

बाईंनी लिहून घेतलं: मागे भार, हलता, लयीत. खरंच की. शिरीषच्या संगणकातली गाडी अकरा वर्षं रिकाम्या मागच्या सीटने पळाली होती. खड्ड्यातून जाताना मागे कोणी माणूस बसलेलं असतं, हे त्याने कधी मांडलंच नव्हतं.

"वजन किती?"

"विचारावं लागेल."

"विचारा."

त्याने सगळ्यांसमोर फोन लावला. "आई, एक विचारायचं होतं. तुमचं वजन किती?"

"संध्या काही बोलली का? लाडवांवरून?"

"नाही हो. ऑफिसला हवंय."

"माझं वजन? जर्मनीतल्या ऑफिसला?"

"हो."

"व्हिसाचं आहे का काही?"

"नाही, आई. स्पेनचं आहे."

"अडुसष्ट," कुंदाताई पुटपुटल्या. "पण त्यात पाटल्या धरा."

फ्राऊ लिंडेमान यांनी निर्णय दिला. स्पेनला नेमकी तीच परिस्थिती हवी. म्हणून चौथ्या जागेवर, मागे, अडुसष्ट किलो जातील. वाळूचं पोतं. कपिल इथेच राहील. परचुरेही राहतील, कारण अकरा वर्षांची गणितं मागच्या सीटवर माणूस बसवून पुन्हा कोणीतरी करायला हवीत.

"माझं वजन बहात्तर आहे," शिरीष म्हणाला. "ऑक्टोबरपर्यंत चार किलो उतरवीन."

"मग गणितं कोण करणार?" बाई म्हणाल्या, आणि खण बंद झाला.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी गाडी निघाली. पोत्याचा पट्टा शिरीषने स्वतः लावला, नीट ओढून पाहिला. कुंदाताई तोवर सांगलीला परतल्या होत्या. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "काय शिरीषराव, मिळाली का जागा स्पेनची?"

"मिळाली, आई," शिरीष म्हणाला. "आपल्या घरात आली."

तर मंडळी, आता आरतीला उभे राहाल, डोळे मिटाल, घरच्यांसाठी आरोग्य मागाल, मुलांसाठी मार्क मागाल, तेव्हा एक क्षण या जिवाची आठवण ठेवा. त्याच्यासाठी फार काही मागू नका. एक खड्डा मागा. खराखुरा, गुडघाभर. वोल्फ्सबुर्गचे रस्ते फार गुळगुळीत आहेत हो.